किनारा न दिसणारे सात दिवस

वाचक भगिनीचे पत्र:

“मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून साताऱ्याला राहते. यजमान ६८ वर्षांचे आहेत आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. आमची मुलगी न्यू जर्सीत असते. या वेळी तिच्याकडे जाताना लंडनपर्यंत विमानाने आणि पुढे साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कपर्यंत ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने जायचे, असे यजमानांनी ठरवले आहे. सात रात्री जहाजावर काढायच्या आणि मध्ये एकही बंदर नाही. मला महाबळेश्वरच्या घाटातसुद्धा गाडी लागते, पोहता येत नाही आणि इंग्रजी बोलताना मी अडखळते. यजमानांनी मात्र त्या सात दिवसांचे पहाटे सहापासून रात्री दहापर्यंतचे वेळापत्रक आताच लिहून काढले आहे आणि त्यात माझ्यासाठीही एक रकाना आखला आहे. खरे सांगायचे तर मला लाटांपेक्षा वेगळीच भीती वाटते. नोकऱ्या, मुलीचे शिक्षण, सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांत आमची ३८ वर्षे गेली. आता एका छोट्या खोलीत, बाहेर पडायला ना बाजार ना शेजार, अशा ठिकाणी सात दिवस आम्ही दोघे एकमेकांशी काय बोलणार? मी नको म्हणावे का?”

ताई, नको म्हणू नका. जा, पण वेळापत्रकातला तुमच्या नावाचा रकाना आधी रिकामा करून घ्या आणि मगच तिकिटाचे पैसे भरा. तुमच्या पत्रातल्या बहुतेक भीतींवर उपाय आहेत आणि ते मी पुढे सांगणारच आहे. परंतु शेवटी विचारलेला प्रश्न सगळ्यांत खरा आहे आणि या प्रवासाचे बरेवाईट त्याच्यावरच ठरेल, म्हणून त्याची तयारी मात्र साताऱ्यातूनच व्हायला हवी.

आधी हा प्रवास कोणत्या जातीचा आहे ते समजून घेऊ. सुट्टीच्या क्रूझवर जहाज रोज किंवा एक दिवसाआड बंदराला लागते, प्रवासी उतरून गाव पाहतात आणि मधला समुद्रावरचा दिवस केवळ पुढच्या बंदराची वाट पाहण्यात जातो. तुमचा प्रवास तसा नाही. ‘क्वीन मेरी २’ हे जहाज फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधले गेले आणि २००४ साली प्रवासाला निघाले, ते अटलांटिक ओलांडण्याचे काम डोळ्यांसमोर ठेवूनच. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ३,१५० सागरी मैल, म्हणजे साधारण ५,८०० किलोमीटर आहे. जोर लावला तर हे जहाज याहून कमी दिवसांत पोहोचू शकते, तरीही प्रवास सात रात्रींचा ठेवलेला आहे. समुद्रावरचे ते दिवस हाच प्रवास आहे. त्यांच्या पलीकडे पाहण्यासारखे दुसरे काही ठेवलेलेच नाही. ‘तिथे काय बघायचे?’ असे विचारत चढणारा माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो, आणि यात जहाजाचा काही दोष नसतो.

तुमच्या यजमानांनी एक गोष्ट अगदी योग्य ठरवली आहे, ती म्हणजे दिशा. पश्चिमेकडे जाताना लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला पाच तासांचा फरक एकदम अंगावर येत नाही. सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात, म्हणजे पाच वेळा तुम्हाला २५ तासांचा दिवस मिळतो. सकाळी लवकर जाग येते, घाई नसते, आणि न्यूयॉर्कला उतरताना शरीर तिथल्या वेळेला आधीच रुळलेले असते. उलट दिशेने येणाऱ्यांचे घड्याळ भर दुपारी पुढे सरकवतात आणि त्यांचा तेवढा दिवस खर्ची पडतो. त्यामुळे जाताना जहाज आणि येताना विमान हा क्रम बदलू नका. मात्र तुमच्या दोघांपैकी कोणी मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे ठरलेल्या वेळी घेत असेल, विशेषतः इन्सुलिन घेत असेल, तर रोज एकेक तास सरकणाऱ्या दिवसात ती कशी बसवायची हे निघण्यापूर्वीच तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आता वेळापत्रकाबद्दल. जहाजावर दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांची पत्रिका आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येते. व्याख्याने, तारांगणातले खेळ, नृत्याचे वर्ग, दुपारचा साग्रसंगीत चहा, रात्री नाटक किंवा संगीत असे त्यात एवढे काही असते, की तुमच्या यजमानांसारख्या शिस्तीच्या माणसाला त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर खूण करावीशी वाटेल. तसे करू देऊ नका. सगळे पाहायचे म्हणून धावणारी माणसे चौथ्या दिवशी थकलेली दिसतात, आणि ज्या समुद्रासाठी एवढे पैसे मोजले तो त्यांनी जेवणघराच्या खिडकीतून तेवढा पाहिलेला असतो. माझा आग्रह असा, की दिवसात तीनच वेळा पक्क्या ठरवाव्यात. सकाळी न्याहारीपूर्वी सातव्या डेकवर फेरी मारायची. तो डेक जहाजाभोवती पूर्ण फिरतो आणि तीन फेऱ्यांत साधारण पावणेदोन किलोमीटर चालणे होते. दुपारी बारा वाजता भोंगा वाजतो आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षातून, जहाजाची जागा, वेग, हवामान व समुद्राची खोली यांची घोषणा होते, ती दोघांनी एकत्र ऐकायची. आणि रात्रीचे जेवण एकत्र घ्यायचे. या तीन वेळा सोडून बाकीचा दिवस दोघांनाही आपापला मोकळा असावा.

त्या बाराच्या घोषणेचे काम यजमानांवर सोपवा, असे मी मुद्दाम सुचवते. निघण्यापूर्वी उत्तर अटलांटिकचा एक मोठा कागदी नकाशा, पट्टी आणि पेन्सिल बरोबर घ्या. रोज दुपारी सांगितलेले अक्षांश-रेखांश त्यांनी नकाशावर मांडावेत, कालच्या खुणेपासून आजच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे आणि वेगाचा हिशेब जुळतो का ते पाहावे. ज्यांनी आयुष्यभर कालव्यांचे उतार आणि पाण्याचे विसर्ग मोजले, त्यांना हे काम मनापासून आवडेल. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ पृथ्वीच्या गोलावर सगळ्यांत जवळची नसते. तिथला जवळचा मार्ग नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. तरीही जहाज वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी हिमनगांपासून दूर राहण्यासाठी काहीसे दक्षिणेकडून का जाते, हा विषय त्यांना दोन दिवस पुरेल. माणसाला मनाजोगते एखादे खरे काम मिळाले, की दुसऱ्याचे तास आखण्याची त्याची गरज बरीच कमी होते. निवृत्तीनंतर घरोघरी तक्रार होते त्या वेळापत्रकांच्या मुळाशी बहुधा हीच कामाची भूक असते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर रागावू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तुमच्यासाठी जागा आहे ती आठव्या डेकवरचे ग्रंथालय. ते जहाजाच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या बाजूला आहे, हजारो पुस्तके आहेत, आणि खिडकीपाशी बसले की समोर जहाज जिकडे चालले आहे तो समुद्र दिसतो. मराठी पुस्तके तिथे मिळण्याची आशा धरू नका. दोन-तीन जाड पुस्तके घरूनच न्या, आणि शक्यतो वर्षानुवर्षे वाचायची राहून गेलेलीच न्या. सकाळी न्याहारीनंतर दोन-अडीच तास तुम्ही ग्रंथालयात आणि यजमान त्यांच्या नकाशाशी किंवा व्याख्यानाला, हे निघण्याआधी घरीच ठरवा. जहाजावर गेल्यावर ‘मला थोडे एकटे बसायचे आहे’ असे म्हटले, तर ते रुसव्यासारखे ऐकू येते. घरी चहाच्या वेळी ठरवले तर ती साधी व्यवस्था असते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. काय बोलणार, असे तुम्ही विचारता. पहिले दोन दिवस काहीही विशेष बोलू नका. जहाजाच्या वाटा समजेपर्यंत, कुठल्या जिन्याने कुठे निघतो हे कळेपर्यंत, आणि पोटाला हेलकाव्यांची सवय होईपर्यंत ते दिवस तसेच जातात. रात्रीच्या जेवणाला दोघांचे वेगळे टेबल मागू नका, सहा किंवा आठ जणांचे टेबल मागा. हा उपाय छोटा वाटेल, पण मी त्याला सगळ्यांत अधिक महत्त्व देते. रोज तीच चार-सहा माणसे भेटतात, त्यातली बरीच तुमच्याच वयाची असतात, त्यांचीही मुले दूर देशी असतात. ‘तुम्ही दोघे कसे भेटलात, काय काम करत होतात’ असे कोणीतरी विचारतेच, आणि मग तुमच्या यजमानांच्या तोंडून तुम्हाला तुमच्याच संसाराची अशी हकिगत ऐकायला मिळते, जी त्यांनी तुम्हाला कधी सांगितलेली नसते, कारण तुम्ही ती जगलेलीच होती. केबिनमध्ये परतताना त्यावरून बोलणे आपोआप सुरू होते. इंग्रजीची काळजी तर सोडूनच द्या. जर्मन, फ्रेंच असे अनेक प्रवासी त्या जहाजावर तुमच्याइतकेच अडखळत बोलतात, आणि ज्या बाईने वर्षानुवर्षे वर्ग सांभाळला तिला सहा जणांचे टेबल जड जाणार नाही.

सासूबाईंच्या आजारपणाचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केला आहे, पण तो मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जड वाटला. ज्या घरात दीर्घ आजारपण येऊन गेलेले असते, तिथे नवरा-बायको त्या काळात फक्त कामाचे बोलतात: औषध दिले का, रात्री कोण जागणार, दवाखान्याचे पैसे भरले का. मग तो काळ संपतो आणि कामाचे बोलायची सवय तेवढी मागे राहते. त्या वर्षांत तुम्ही काय सोसले आणि त्यांनी काय सोसले हे तुम्ही एकमेकांना सांगितले आहे का, ते तुम्हालाच ठाऊक. जहाजावर तो विषय निघाला तर निघू द्या. मात्र तो काढायचाच असा निश्चय करून बसू नका, आणि केबिनमध्ये समोरासमोर बसून तर मुळीच काढू नका. असे बोलणे शेजारी-शेजारी चालताना सोपे जाते, कारण दोघांचीही नजर समोर असते आणि मध्येच थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही. सातव्या डेकवरच्या फेऱ्यांचा मी एवढा आग्रह धरला, त्यामागे व्यायामाइतकेच हेही कारण आहे. आणि समजा काहीच बोलणे झाले नाही, दोघे गरम शालीत डेकच्या खुर्च्यांवर तासभर नुसते बसून राहिलात, तर ते बिघडले असे मानू नका. ३८ वर्षांच्या संगतीत असे बसता येणे ही कमाई आहे, आणि साताऱ्याच्या घरात दाराची घंटा आणि फोन तुम्हाला तसे बसू देत नाहीत.

बोट लागण्याची भीती रास्त आहे, पण घाटात गाडी लागणाऱ्या प्रत्येकाला बोट लागतेच असे नाही. घाटातली वळणे तीव्र आणि लागोपाठ येतात. इतक्या मोठ्या जहाजाचा हेलकावा संथ असतो, आणि आडवे डोलणे कमी करण्यासाठी पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. कानातला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि डोळ्यांना चार स्थिर भिंती दिसतात, या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून बाहेर जाऊन क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हालचाल सगळ्यांत कमी जाणवते. वरच्या मजल्यावरच्या महागड्या बाल्कनीचा मोह नको. उत्तर अटलांटिकवर जुलैतही वारा बोचरा असतो आणि ती बाल्कनी बहुतेक वेळ बंदच राहते. खिडकी मात्र हवीच, बिनखिडकीची आतली केबिन तुमच्यासाठी योग्य नाही. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. अॅव्होमाइनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. यजमानांच्या वयाला ही चौकशी आवश्यक आहे. पोट रिकामे ठेवू नका, कोरडी बिस्किटे जवळ असू द्या, आलेपाकाच्या वड्या भरपूर न्या. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. हवामानाच्या दृष्टीने जून ते ऑगस्ट हा काळ निवडा. हिवाळ्यात तो समुद्र खवळलेला असतो आणि पहिल्या प्रवासासाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही. आधी पोटाची परीक्षाच पाहायची असेल, तर पावसाळ्यापूर्वी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर एखादी रात्र काढून पाहा. तिथल्या गजबजाटावरून अटलांटिकच्या दिवसांची कल्पना मात्र करू नका.

पोहता न येण्याने इथे काहीही बिघडत नाही. जहाज निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला सुरक्षेचा सराव सक्तीचा असतो. लाइफ जॅकेट कसे घालायचे, कोणत्या जागी जमायचे हे दाखवतात. टायटॅनिक १९१२ साली याच समुद्रात बुडाले आणि त्यानंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सर्वांना पुरतील एवढ्या जीवरक्षक नौका, चोवीस तास चालणारी संदेशयंत्रणा, हिमनगांवर पाळत ठेवणारी गस्त हे सगळे त्या दुर्घटनेतून उभे राहिले. सराव कंटाळवाणा म्हणून टाळू नका, पहिल्या रांगेत उभ्या राहा, निम्मी भीती तिथेच जाईल. आणखी एक सांगून ठेवते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला उत्तरेकडून येणारा लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह एकमेकांजवळ येतात, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे दाट धुके पडते. तेव्हा जहाज दर दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा देत राहते, रात्रीसुद्धा. तो नियमाप्रमाणे दिलेला इशारा असतो, संकटाची सूचना नसते. दचकून उठलात तर कूस बदलून पुन्हा झोपा.

काळजी करायचीच असेल, तर दवाखान्याची करा. जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि तातडीच्या उपचारांची सोय असते, पण मधले काही दिवस जहाज हेलिकॉप्टरच्या टप्प्याबाहेर असते आणि जे काही करायचे ते तिथेच करावे लागते. बिल डॉलरमध्ये येते. म्हणून प्रवास विमा घेताना जहाजप्रवास, जहाजावरचे उपचार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च हे तिन्ही पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले आहेत का ते पाहा, आणि आधीचे आजार लपवू नका. औषधे दुप्पट दिवसांची घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. जेवणापूर्वी हात साबणानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या पोटाच्या नोरोव्हायरसवर नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून काय चालते, काय चालत नाही ते समजावून सांगा. पुढच्या दिवसाचे जेवण ते आदल्या दिवशी विचारून ठरवू शकतात. कर्मचाऱ्यांत गोव्याची आणि मुंबईची माणसे असण्याची बरीच शक्यता आहे, ती आपुलकीने मदत करतात. रात्रीच्या पोशाखाचे नियम कडक आहेत, पण साडीला उत्तम मान आहे. दोन चांगल्या रेशमी साड्या आणि डेकवर वारा लागतो म्हणून एक जाड शाल न्या. १८८३ साली आनंदीबाई जोशी जहाजाने न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या, सोबत पती नव्हते, आणि लुगडे व शाकाहार दोन्ही त्यांनी सांभाळले. तुमच्याबरोबर तर तोंडभर बोलायला मराठी माणूसही आहे.

मोबाइल निघताच फ्लाइट मोडवर टाका, कारण समुद्रावरच्या रोमिंगचे बिल थक्क करणारे येते. इंटरनेट विकत मिळते, ते दोघांत मिळून एकच घ्या आणि मुलीला दिवसातून एकदा खुशाली कळवा.

ब्रिटनचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता भरू नका, आणि जहाज निघण्याच्या किमान दोन दिवस आधी लंडनला पोहोचा. विमान चुकले तर जहाज थांबत नाही. न्यूयॉर्कला पहाटे व्हेराझानो पुलाखालून जाताना जहाजाची चिमणी आणि पूल यांच्यात फारच थोडे अंतर राहते आणि ते पाहायला सगळे वरच्या डेकवर गोळा होतात, तेव्हा आदल्या रात्री लवकर झोपा. जहाज ब्रुकलिनला लागल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांत बराच वेळ जातो, म्हणून मुलीला सकाळी दहाच्या आत येऊ नको, असे आधीच सांगून ठेवा.